चुलत्याच्या वावरातला चौकोन

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चुलत्याचा उजवा हात कोपराजवळ मोडला. मोडणारे तिघे गावातलेच होते. आदल्या संध्याकाळी ते आपट्याचं सोनं देऊन त्याच्या पाया पडले होते.

गाव अमरावती-अकोला रस्त्यापासून आत आहे. त्या साली पावसानं खंड दिला आणि शेंगा भरायच्या आधीच सोयाबीन वाळलं. चुलत्याचं वाळलं नाही. त्याच्या विहिरीला पाणी होतं. पीकविमा मिळणार की नाही, हे महसूल मंडळातल्या मोजक्या वावरांतलं पीक कापून, वजन करून ठरतं. वावरं चिठ्ठी टाकल्यासारखी निघतात. आमच्या गावातून त्याचं निघालं. कापणीसाठी कृषी सहायक त्या दिवशी येणार होता.

त्याच्या आधी ते तिघे आले, ढोरं घेऊन. मी बांधावर होतो.

"भाऊ, बाजूले व्हा. तुमचं वजन भरलं का साऱ्याईचा इमा गेला."

"मंग? पानी देलं हा गुन्हा हाय काय माहा?"

"तुमाले विहीर दिसते, गाव नाई दिसत."

"दिसते ना. ढोरं घेऊन उभं हाय समोर."

तिघांतला एक हसला. बोलणाऱ्यानं गायी पिकात हाकलल्या. चुलत्यानं ढोरं हाकायची तुतारी उलटी धरून त्याच्या कपाळावर हाणली. कातडी फाटली, रक्त डोळ्यांत उतरलं. बाकीच्या दोघांनी चुलत्याला पाडलं. एक छातीवर बसला. दुसऱ्यानं त्याचा हात दगडावर दाबून कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं, मग पुन्हा मारलं. हाडाचा आवाज बांधापर्यंत आला. काकू विळा घेऊन धावली तेव्हा ते उठले आणि ढोरं पिकातच सोडून गेले.

कृषी सहायक मोटारसायकलवर वजनकाटा बांधून आला. मारामारीचं त्याला कोणी सांगितलं नाही. त्यानं पावलं मोजून दोरीनं चौकोन आखला. तो विहिरीकडच्या टोकाला आला. तिथवर ढोरं पोचली नव्हती.

काकूनं लुगड्याच्या पट्टीनं हात बांधला. चुलता दवाखान्यात जाईना.

"पयले मोजा. मंग न्या मले."

चौकोनातलं पीक कापलं, झोडपलं, तोललं. वजन भरलं. चुलत्यानं कागदावर डाव्या हाताचा अंगठा उठवला.

उरलेलं पीक ढोरांनी तुडवलं. त्या हंगामात आमच्या मंडळाला विमा मिळाला नाही. चुलत्यानंही हप्ता भरला होता. त्यालाही मिळाला नाही.

उन्हाळ्यात त्याच्या विहिरीवरची मोटर फोडलेली सापडली. विहिरीत दगड आणि मेलेलं कुत्रं टाकलेलं होतं. पोलिसांनी आरोपी अज्ञात असल्याची नोंद केली.