‘सा’वरची टिकली

मला घासायची भारी खोड. कुकर असो, देव असोत, नाहीतर दुसऱ्याचं स्वयंपाकघर असो, चकचकीत झाल्याशिवाय माझा हात थांबत नाही. या खोडीपायी मी बाबांचा बुलबुल तरंग जवळजवळ कायमचा मुका करून ठेवला होता.

बुलबुल तरंग म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारखी गोल बटणं, पांढरी आणि मधेमधे काळी. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. खोपोलीच्या कारखान्यातून दमून आले तरी बाबा जेवणाआधी पेटी पुढ्यात घेत. पुढे काचबिंदूने नजर गेली, तरी वाजवणं सुटलं नाही. आई गेली तेव्हा सुटलं. मग ते दहिवलीला माझ्याकडे आले. चहा हवाय का? हो. बरं वाटतंय का? हो. संपलं बोलणं. आईचा विषय निघाला की भिंतीला हात लावत उठून आत जायचे. तीन वर्षं हे असं! मला दुसरं काही नको होतं, त्यांनी एकदा पुन्हा वाजवायला बसावं, एवढंच.

गेल्या दिवाळीआधी माळ्यावरून पेटी काढली. तारा गंजलेल्या, एक पट्टी उकललेली आणि तीन बटणांवर आईच्या खड्याच्या टिकल्या. आईची ही सवयच. आरसा, फ्रीज, नळाजवळची फरशी, जिथं हात पोचेल तिथं टिकली. माझ्या सासरीसुद्धा चिकटवून गेली होती. म्हटलं, घ्या, इथंही! खोबरेल लावलं, नखाने खरवडलं आणि तिन्ही टिकल्या कचऱ्यात टाकल्या.

खोपोलीत हार्मोनियम दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. त्यांच्याकडे पेटी नेली. “पॉलिश पण मारा छान,” मी म्हटलं.

“पॉलिश नाय मारणार,” चाचा म्हणाले. “आवाज बसंल. तुमाला वाजवायचीय का शोकेसमधी ठेवायचीय?”

त्यांनी सरस लावून पट्टी बसवली, दोन स्प्रिंगा बदलल्या, नव्या तारा चढवल्या. घरी आणून पेटी बाबांपुढे ठेवली. त्यांची बोटं बटणांवरून एकदा फिरली, पुन्हा फिरली.

“टिकल्या कुठायत गं?”

“कसल्या टिकल्या?”

“तुझ्या आईने लावलेल्या. सा, प आणि वरचा सा. मला दिसेनासं झालं तेव्हा लावून दिल्या. बोटाला लागायच्या.”

अगं बाई! “मी घासून काढल्या, बाबा.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. “राहू दे,” एवढंच म्हणाले आणि पेटी बाजूला सारली. मी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले आणि चाचांना फोन लावला.

“रडता कशाला?” ते म्हणाले. “टिकली दुकानात मिळती. सूर त्यांच्या डोक्यात हाय, तो काय तुमी घासलाय? त्यांनाच इचारा आन् लावा.” त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.

लगेच जाऊन खड्याच्या टिकल्यांचं पाकीट आणलं, पेटी पुन्हा बाबांपुढे ठेवली आणि शेजारी बसले. “सांगा, सा कितवा?”

बाबांनी पेटी जवळ ओढली. मग म्हणाले, “डावीकडून पाचवं बटण.”

मी मोजून टिकली लावली. बाबांनी तिथं बोट ठेवलं, तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. “हा सा?”

“पाचवंच आहे, बाबा! मोजलंय मी.”

त्यांनी सगळी बटणं चाचपली आणि एकदम हसायलाच लागले. “मधली काळी धरून मोजलीस ना? तुझी आईपण अश्शीच. काळी धरून मोजायची, वर माझ्याशीच भांडायची. दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी!”

मग कशावरून भांडली, कशी रुसली, शेवटी कोणी माघार घेतली, सगळं सांगत सुटले. दुसरी टिकली माझ्या बोटावर तशीच होती. मी ती लावली नाही, त्यांना थांबवायचं नव्हतं. तीन वर्षांनी आई घरात आली होती.