अस्वल कोणाच्या ड्यूटीत आलं?

चार माणसं, चार सायकली आणि एक तंबू एकत्र आले की किस्से साचतातच, चेनीत माती साचते तसे. पुसायला गेलं की हात काळे होतात. आमच्या किस्स्यांत तर अस्वलंही होती!

दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ वसंता, जबलपूरच्या एका कारखान्यात फिटर. मी त्याच्याच खात्यात. सहावी नापास, म्हणून हातोडा मारायचं काम माझ्याकडे. गणपतकाका आमचे शेजारी, तेही फिटर. शुक्लाजी स्टोअरचे क्लार्क. लढाई सुरू होती, ओव्हरटाईम सुरू होता. पण एखादा रविवार सुटलाच, तर शनिवारी सकाळची पाळी आटोपून चौघं सिहोरा रोडनं टेकड्यांकडे निघायचो.

दादाला जाऊन सव्वा महिना झाला. लोक म्हणतात, मोकळेपणानं रड. कारखाना म्हणतो, त्याचं टोकन परत आणून दे. मला दोन्ही करायचं नव्हतं.

*

आधी हे टोकन समजून घ्या. कारखान्यात शिरताना प्रत्येकानं आपलं पितळी टोकन बोर्डावर टांगायचं, सुटताना आपलं आपण काढून घ्यायचं. बोर्डावर टोकन उरलं म्हणजे माणूस आतच आहे.

दादानं ही पद्धत थेट जंगलात आणली. दोन सायकलींच्या मधे तार बांधली. झोपताना टोकन टांगा, सकाळी काढा.

"अस्वलानं कोणाला नेलं ते सकाळी लगेच कळलं पाहिजे," तो म्हणाला.

"और भालू टोकन ही ले गया तो?" शुक्लाजींनी विचारलं.

"तर त्याला कामावर घेऊ. माणसं कमीच पडून राहिली सध्या!"

*

शहरात ब्लॅकआउट होता. त्यामुळे गणपतकाकांनी जंगलातही कंदिलाला काळा कागद लावला. दादानं डोक्याला हात लावला. "काका, उजेड पाहून अस्वल लांब राहते. कागद काढा तो."

"अन् वरून विमान आलं तर?"

"विमान इथं कशावर बॉम्ब टाकेल? सीताफळांवर?"

काका देशभक्त. कागद निघाला नाही. काळोखात काकाच तंबूच्या दोरीला अडकून पडले आणि "भालू! भालू!" ओरडले. मी हातातला पंप हाणला. तो काकांच्या पाठीत बसला. शत्रूचं एवढंच नुकसान झालं.

*

दादाचा नियम होता, खायची वस्तू तंबूत ठेवायची नाही. गोड तर मुळीच नाही. काकांनी कच्ची सीताफळं कारखान्याच्या खाकी पँटमध्ये गुंडाळून उशाला घेतली. पिकतील म्हणे!

पहाटे उशी सरकू लागली. काकांना वाटलं, मीच ओढतोय. "काहून ओढून राहिला बे?" म्हणून त्यांनी डोळे न उघडता एक चापट मारली. हाताला केस लागले. माझे एवढे लांब नव्हते.

पँट गेली. सोमवारी काका नवीन मागायला स्टोअरमध्ये गेले. शुक्लाजींनी फॉर्म पुढे केला. काकांनी कारण लिहिलं, 'भालू'.

"सरकारी कागज़ में भालू नहीं चलेगा."

"शुक्लाजी, तुम्ही तिथंच होते ना!"

"वहाँ मैं आदमी था. यहाँ क्लर्क हूँ. चोरी लिखिए."

चोरी लिहिली. मग चोराचं वर्णन द्यायचं होतं. काकांनी लिहिलं, 'काला, मोटा, बाल बहुत.' ते वाचून शुक्लाजींचा जाडजूड, केसाळ साहेब आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही!

*

त्यानंतर दादानं पहारे लावले. ए, बी, सी शिफ्ट. घड्याळ, शिट्टी आणि चार्ज दिल्या-घेतल्याच्या सह्यांचं रजिस्टर. पहाटे काकांची पाळी संपून शुक्लाजींची सुरू व्हायची.

नेमकं तेव्हाच अस्वल आलं. काकांनी पाहिलं, शांतपणे रजिस्टरवर सही केली आणि पांघरुणात शिरले. शुक्लाजींनी सही केली नव्हती, म्हणून तेही उठले नाहीत. अस्वलानं आरामात माझी चप्पल हुंगली.

मी पंप घेऊन धावलो. दादानं मागून कॉलर धरली, कानाखाली वाजवली आणि थाळी बडवून अस्वल घालवलं. मग म्हणाला, "अस्वलाचं सोड. आईले काय सांगू मी?"

नंतर त्यानं काकांना विचारलं, "शिट्टी काहून नाही वाजवली?"

"ड्यूटी संपली होती माझी. ते शुक्लाजींचं अस्वल होतं."

शुक्लाजी म्हणाले, "मैंने चार्ज लिया ही नहीं था."

*

दादाचा शेवटचा नियम होता, मच्छरदाणी लावायची नाही. अस्वल आलं तर जाळीत अडकून मराल.

अडकला नाही बिचारा. चार दिवसांचा ताप, डोक्यात चढला आणि संपलं. डॉक्टर म्हणाले, डास. एवढी तार, एवढे पहारे, एवढ्या सह्या, आणि आला तो डास! त्याचा चार्ज कोणाकडे होता?

तेराव्याला मावशीनं मला नवी मच्छरदाणी दिली. मी ती तिच्यासमोरच विहिरीत टाकली. पाणी भरणाऱ्या बायकांनी दोन दिवस शिव्या दिल्या. तेवढंच बरं वाटलं.

*

मागच्या शनिवारी काका आणि शुक्लाजी सायकली घेऊन दारात आले. आईनं चार माणसांच्या पोळ्या बांधून दिल्या.

दादाचं टोकन सोमवारी जमा करायचं होतं, शेवटची तारीख. मी ते खिशातून नेलं. झोपताना माझ्या टोकनाशेजारी टांगलं.

सकाळी तिघांनी आपापली टोकनं काढली. एक तारेवर राहिलं. ज्याचं त्यानंच काढायचं, हा नियम. तार सोडल्याशिवाय सायकली निघणार नव्हत्या. आम्ही बसून राहिलो. चहा झाला, पोळ्या झाल्या, ऊन डोक्यावर आलं.

मग शुक्लाजी उठले. पिशवीतून स्टोअरचा गहाळ वस्तूंचा फॉर्म काढला, सायकलच्या सीटवर ठेवला आणि कार्बन लावून लिहू लागले. 'वस्तु: टोकन, पीतल, एक. मालक: वसंता.' कारणापाशी थोडे थांबले. मग लिहिलं, 'भालू ले गया.'

त्यांनी टोकन तारेवरून काढून माझ्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं.

काका रजिस्टर उघडून बसले होते. त्यांनी विचारलं, "कोणाच्या ड्यूटीत आलं लिहू?"

शुक्लाजींनी त्यांच्या हातातून पेन घेतलं.

"मेरी," ते म्हणाले, आणि सही केली.