लिफ्टवाल्या ताई तलावावर जातात

इस्पितळाची लिफ्ट चालवण्यात ताईंची सारी हयात गेली. खिडकी नसलेल्या त्या पेटीत स्टुलावर बसून त्यांनी रोगी, डॉक्टर, फुलांचे गुच्छ आणि झाकलेली स्ट्रेचर वर-खाली नेली. लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहिल्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आधी काय केलं, तर तलावावरच्या कयाक सफरीत, म्हणजे एकेकट्यानं वल्हवायच्या निमुळत्या होड्यांच्या सफरीत, नाव घातलं. ‘नवशिक्यांसाठी, मार्गदर्शक सोबत, पोहता येत नसेल तरी चालेल,’ असं फलकावर लिहिलं होतं.

आदल्या संध्याकाळी त्या पलंगावर सामान मांडून बसल्या होत्या. कोरडे कपडे, टोपी, चष्मा पडू नये म्हणून बांधायची दोरी. बूट कोणते घालायचे हे विचारायला त्यांनी मार्गदर्शक मुलीला फोन लावला.

“अहो ताई, तुमचं तर रद्द झालंय,” ती म्हणाली. “सकाळी तुमच्या भावाचा फोन आला होता. तुम्हाला चक्कर येते म्हणाले.”

ताईंची कानशिलं तापली. बाहेरच्या खोलीत दादा बातम्या बघत बसले होते. ताईंनी जाऊन टीव्हीच बंद केला.

“मला चक्कर कधी आली, दादा?”

“अगं, या वयात पाण्यात पडलीस तर निस्तरायचं कुणी? तुझ्या भल्यासाठीच केलं.”

“माझं भलं! नर्सिंगला नंबर लागला तेव्हाही तू माझं भलंच केलंस. म्हणे पोरीबाळींना रात्रपाळी नको. मी मूग गिळून बसले. मग त्याच इस्पितळात लिफ्टचं दार उघडत राहिले, आणि माझ्या बरोबरीच्या पोरी पांढऱ्या कपड्यांत माझ्यासमोरून वॉर्डात जात राहिल्या.”

“जुनं कशाला उकरून काढतेस?”

“पुरलं कुणी ते आधी बघ! येईल त्याला मी विचारत आले, कितवा मजला? मला कुणी विचारलं कधी, बाई, तुला कुठं जायचंय?”

दादा सोफ्यात रिमोट शोधू लागले. रिमोट त्यांच्या हातातच होता. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी हात पुसत उभ्या होत्या. नवऱ्यापुढं कधी चकार शब्द न काढणारी बाई. त्या एवढंच म्हणाल्या, “वन्सं, माझे कॅनव्हासचे बूट न्या. तुमच्या चपला पाण्यात निसटतील.”

ताईंनी पुन्हा फोन लावला. “चक्कर भावाला येते. मी येतेय.”

रात्रभरात राग जराही निवला नाही. सकाळी तलावाच्या काठी मार्गदर्शक मुलीनं सगळ्यांना गवतावर बसवून वल्हं कसं धरायचं ते दाखवलं, प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले. मग उथळ पाण्यात कयाक मुद्दाम उलटवून बाहेर यायची तालीम होती.

“ताई, तुम्ही राहू द्या हवं तर.”

“मीच का राहू द्यायचं?”

कयाक उलटली. नाकातोंडात पाणी गेलं, टोपी वाहून गेली. ताई खोकत, ठसकत उभ्या राहिल्या तेव्हा पाणी कमरेइतकंच होतं. “पुन्हा करते,” त्या म्हणाल्या.

सफर सुरू झाली तशा त्या दणादण वल्हं मारू लागल्या. कयाक जागच्या जागी गरगर फिरली.

“ताई, पाण्यानं काय बिघडवलंय तुमचं?” मुलगी ओरडली. “एकाच बाजूनं मारताय. दुसरीकडूनही मारा.”

ताईंना हसू आलं नाही. पण त्यांनी बाजू बदलली आणि कयाक सरळ निघाली. तलावाच्या मध्यावर सगळे विसाव्याला थांबले, फोटो काढू लागले. ताई थोड्या पलीकडे गेल्या. तिथं त्यांना रडू कोसळलं. दुःखाचं नव्हतं ते, चिडीचं होतं. पांढरे कपडे आपल्याला किती शोभले असते, हे इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःलाही आठवू दिलं नव्हतं.

घरी पोचल्या तेव्हा दादा दारातच होते. “आलीस? काही झालं नाही ना?”

“यापुढं माझ्या वतीनं कुणाला फोन करायचा नाही,” ताई म्हणाल्या.

दादांनी मान डोलावली. चुकलं म्हणाले नाहीत. ताईंनीही राग सोडला नाही.

जेवणानंतर ताटं उचलताना वहिनींनी हळूच विचारलं, “दोघींनी बसायच्या होड्या असतात का हो तिथं?”

“असतात,” ताई म्हणाल्या, आणि दादांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढं म्हणाल्या, “तुमचं नाव घालते.”