जावई कुणाकडून खेळणार?

अंबरनाथ-बदलापूरच्या आमच्या गावांत जावई दोन टीमचा असतो. आपल्या गावाकडून तर खेळतोच, आणि सासरवाडीने बोलावलं की तिथेही बॅट घेऊन हजर. यंदा दोन्ही गावं एकाच स्पर्धेत उतरली आणि माझा नवरा दोन्ही गावांना ‘हो’ म्हणून मोकळा झाला.

स्पर्धेची वेबसाइट माझी. घरचं कार्य म्हणून फुकटात केलेली. सेमीफायनल लागली माझ्या माहेरची आणि सासरची, आणि पडद्यावर दोन्हीकडचा ओपनर एकच! व्हॉट्सॲपवर नुसता धुमाकूळ. ‘वहिनी, भाऊ स्वतःलाच बॉलिंग टाकणार का?’

झालं होतं असं, की एका संघात एक खेळाडू दोनदा नको, एवढाच नियम मी घातला होता. खेळाडूच्या नोंदीला फक्त आपला संघ माहीत. स्पर्धा कुठली, ते संघाच्या नोंदीत. त्यामुळे एकच माणूस एकाच स्पर्धेत दोन संघांत घुसला, तरी पकडला जाईना. मग मी खेळाडूच्या नोंदीतच स्पर्धाही लिहिली आणि डेटाबेसला बजावलं, खेळाडू आणि स्पर्धा ही जोडी पुन्हा आली तर घ्यायची नाही. तर तो अडून बसला. आधीची दुबार नोंद काढा, मगच नियम लागेल. म्हणजे नवऱ्याला एका गावातून मीच काढायचं! नवरा म्हणाला, “तू काढशील ते.” मोठा आला शहाणा.

दोन्ही टीमचे कर्तेधर्ते म्हणजे माझे बाबा आणि माझे सासरे. मी दोघांना एकाच फोनवर घेतलं.

“आमी पोर दिली तुमाला,” बाबा म्हणाले, “येक बॅट्समन नाय देनार?”

सासरे खो खो हसले. “घ्या! नेवा त्याला.”

मी सासरच्या संघातली नोंद उडवली. नियम मुकाट लागला.

मॅचच्या दिवशी मैदानावर दोन मांडव होते. मी सवयीने बाबांकडे निघाले, तेवढ्यात सासऱ्यांनी हाक मारली. “सूनबाई, पोरगा तिकडं गेला. तू तरी आमच्याकडं बस.”

हसत म्हणाले, पण खरंच म्हणाले. मी बसले, आणि वेड्यासारखं रडू यायला लागलं. पलीकडे बाबांनी जावयाच्या हातात बॅट दिली, पाठ थोपटली आणि जागेवर परतले. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपला टॉवेल टाकून ठेवला होता. कुणी बसायला आलं की म्हणत होते, “नको, माजी बाय येनार हाय.”