वंदनाचा राहिलेला पाठ

अद्वैत, ईशा, वंदनामावशी गेल्याचं मला तिच्या शाळेतल्या शिपायाने फोनवर सांगितलं. सकाळी अटॅक आला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी काय विचारावं? "तिच्या परीक्षेचं पत्र आलं का?" लाज वाटते, पण तोंडून तेच निघालं...

सुट्टीत तुम्हाला गोंडी आकडे शिकवणारी वंदना हिंगणघाटला विशेष मुलांच्या शाळेत शिकवायची. अकरा वर्षं, दर वर्षी नव्या तात्पुरत्या आदेशावर. कायम व्हायला विशेष शिक्षकाची नोंदणी हवी, नोंदणीला पदविका, आणि पदविकेचा शेवटचा प्रात्यक्षिक पाठ तिचा राहिला होता. तिचे वडील जाम गावाजवळ भाजीपाला पिकवायचे. शेजारच्या गोंडांच्या घरांत खेळताना ती त्यांची भाषा शिकली. तिच्या वर्गातली निम्मी मुलं घरी गोंडीच बोलत. ती आधी वस्तू हातात द्यायची, घरचा शब्द म्हणायची, मग मराठी, आणि मूल बोलेपर्यंत थांबायची.

वर्गातल्या सोमीला घेऊन करायच्या तिच्या पाठाचं टाचण मी लिहून दिलं. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली मी. पाच-पाच मिनिटांचे रकाने आखले, प्रत्येक वाक्य प्रमाण मराठीत. वाचून ती म्हणाली, "काकू, याच्यात सोमी कुठं बोलून राह्यली? तिले एवढं मराठी नाई समजत."

"परीक्षक हेच वाचणार. तू यावरून हलू नकोस."

"बरं बाई. तुमच्यापुढं आमची काय टाप."

पाठाच्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. वंदनाने नऊ वर्षांच्या सोमीपुढे पाण्याचा तांब्या ठेवून विचारलं, "यात काय आहे?" रोज गोंडीत 'येर, येर' म्हणत पाण्यात बोटं बुडवणारी पोर गप्प बसली. वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी टाचणाकडे खूण केली, आणि ती पुढच्या रकान्यावर गेली. शेरा आला: विद्यार्थिनीशी संवाद नाही.

पुढच्या वर्षी तिने गोंडीत पाठ घेतला. सोमी भरभरून बोलली. परीक्षक नवे होते, त्यांना त्यातलं काहीच कळलं नाही. शेरा: माध्यमाची भाषा पाळली नाही. बाहेर येऊन वंदना हसली. "आता कोनत्या तोंडानं शिकवू, काकू? दोन्ही नापास."

गोंडीतला पाठ मान्य करा म्हणून मी अर्ज लिहिले. एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवी, दुसरं पुन्हा पहिल्याकडे. यंदा शाळेने बजावलं, नोंदणी नसेल तर नवा आदेश नाही. सोड ही नोकरी, घरच्या भाजीच्या दुकानात बस, असं मी सुचवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मंग सोमीसंगं कोन बोलन?" तिसऱ्या पाठाची तारीख येण्याआधीच ती गेली.

परवा शाळेत गेले होते. तिच्या जागी आलेल्या बाई नोंदणीकृत आहेत, मनाच्या चांगल्या आहेत, पण गोंडी येत नाही. कपाटात त्यांना वंदनाची वही सापडली. एकेका मुलाचं एकेक पान, त्यावर त्याच्या घरचे शब्द. त्यावरूनच त्या सोमीशी थोडंथोडं बोलतात. सोमी त्यांच्या उच्चारांना हसते, म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मॅडम, पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, आणि माध्यम तर मराठी. ही वही टेबलावर राहू देऊ, की कपाटात टाकू?"

"टेबलावरच," मी म्हणाले, नेहमीच्या ठामपणे. गेटपर्यंत आले आणि आठवलं, नोंदणी असली तरी त्यांचाही आदेश तात्पुरताच आहे...