मागे राहिलेली कातडी
कोकमतेलाचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. लघवीची नळी लावून वडिलांना चिपळूणच्या इस्पितळातून केळशीला घरी आणलं, तेव्हा पथ्याचा छापील कागद मिळाला होता. पण धुताना शिश्नाची कातडी मागे ओढली तर लगेच पुढे आणायची, हे तिथल्या एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. मी ती मागेच ठेवली. दुसऱ्या दिवशी टरटरून सूज आली आणि वडील गुपचूप कोकमतेल चोळत बसले. शेवटी माझ्या लक्षात आल्यावर डॉक्टरांनी मुठीत दाबून सूज उतरवली, कातडी पुढे सरकवली. "अजून उशीर झाला असता तर चीर द्यावी लागली असती," ते म्हणाले. मी वडिलांवरच ओरडलो, "बोलला का नाहीत?" "तू धुतलं होतंस ना," ते हळूच म्हणाले, "तुला काय वाटलं असतं!" वडील जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या त्या चांगुलपणाचा मला अजून संताप येतो.