सांडव्यावरची पोती

आमचे तळे सरकारने फोडले, असे लोणंदच्या बाजारात सांगितले जाते. ते खोटे आहे. तळे फुटलेले नाही आणि कोणी फोडलेलेही नाही. आज सकाळीच मी त्याच्या बांधावरून चालून आलो. मलकापूरला वकिली करणारा माझा पुतण्या सांगतो की काका नोटिशीला घाबरले. तेही खोटे. या दोघांना उत्तर देण्याचे कष्ट मी घेतले नसते. परंतु तिसरी हकिकत सांगणारा माणूस माझा लहानपणापासूनचा मित्र आहे, म्हणून थकलेला असूनही लिहीत बसलो आहे.

हे तळे माझ्या वडिलांनी स्वतःच्या रानात, ओढ्याला आडवा मातीचा बांध घालून केले. बैलांच्या फेऱ्या घालून माती दाबली. आतल्या अंगाला दगड बसवले ते मित्राच्या वडिलांनी. त्यांचे घराणे गवंड्यांचे. मित्रानेही जन्मभर तेच काम केले. बांधाच्या एका टोकाला सांडवा आहे, म्हणजे तळे भरल्यावर जादा पाणी निघून जाण्याची वाट. बांधाच्या खाली, ओढ्याच्या काठाने मित्राची वस्ती आहे. तिथल्या विहिरी आमच्या तळ्याच्या पाझरावर जगतात.

त्यामुळे एक रीत पडली होती. पाणी सांडव्याला टेकले की वस्तीतल्या प्रत्येक घराने मातीचे एक पोते आणून सांडव्यात ठेवायचे. पाणी तेवढे अधिक अडते. मी नारळ फोडायचा, मित्राच्या घरून साखर वाटली जायची. पुढच्या वर्षी जुनी पोती कोणी काढत नसे. गोणपाट कुजले, मातीत गवताने मूळ धरले, त्यावर नवी पोती आली. शेवटी तिथे पोती आहेत हेच आम्ही सगळे विसरलो. तो सांडवाच आहे असे मानू लागलो.

लहान धरणांची तपासणी सुरू झाली तेव्हा तालुक्याहून एक अभियंता बाई आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या. बांधावरून एक फेरी मारून त्यांनी मला विचारले, "आजोबा, बांधाचा मधला भाग खचलाय, तुम्हाला दिसत नाही?" मला दिसत नव्हते. रोज पाहिलेली वस्तू खचताना दिसत नाही. त्यांनी गवंड्याची नळी मागवली, पाणी भरलेली ती पारदर्शक नळी, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभे राहते. एक टोक सांडव्यावर मित्राने धरले, दुसरे बांधाच्या मध्यावर बाईंनी. पोत्यांचा माथा बांधाच्या मध्यापेक्षा उंच निघाला. याचा अर्थ समजायला शिक्षण लागत नाही. मोठा पाऊस झाला तर पाणी सांडव्याने जाण्याआधी बांधावरूनच जाणार होते. आणि मातीच्या बांधावरून पाणी गेले की बांध राहत नाही.

मित्राचे म्हणणे असे, की नळीत बुडबुडा होता, माप चुकले. बुडबुडा नव्हता. त्याने स्वतः नळी झटकून, डोळ्यांसमोर धरून पाहिली होती. मी शेजारी उभा होतो.

थोड्याच दिवसांत पोती काढण्याची तालुक्याची नोटीस आली. पुतण्याने फोनवर सांगितले की आपल्या तळ्याची उंची कमी आहे, ते मोठ्या धरणांच्या कायद्यात बसत नाही, त्या कागदाला उत्तर देण्याचीही गरज नाही. त्याचा कायदा बरोबर असेल. कागद त्याच्याकडेच धाडून दिला आणि पोती काढायचे ठरवले. मधला भाग भरून घ्यायचा तर कोरड्या दिवसांत, चांगली माती आणून, नीट दाबून भरावा लागतो. तेव्हा आभाळ भरून आले होते आणि तेवढा अवधी नव्हता.

जेसीबी आला त्या सकाळी सगळी वस्ती सांडव्यावर उभी होती. मित्र पुढे.

"खाली आमी ऱ्हातो. आमाला भ्या न्हाई. तू वरच्या अंगाला बसून कशाला थरथरतोस रं?"

मी म्हणालो, "मी काय तुझ्यासाठी भीत न्हाई. बांध माझ्या बापाचा हाय. बांध फुटून तुमची घरं गेली, तर पुढं नाव बापाचं निघंल, तुझ्या बुडबुड्याचं न्हाई."

"आन विहिरी आटल्या तर कुणाचं नाव निघंल?"

मी चालकाला खूण केली. मला वस्तीची दया आली असे काही भले लोक सांगतात. तेही मला मान्य नाही. मी जे बोललो, तेच माझे कारण होते.

त्या वर्षी परतीच्या पावसात सांडवा दोन्ही काठांना लागून वाहिला. बांधाच्या खचलेल्या भागापासून पाणी वीतभर खाली थांबले. मला एवढे पुरेसे वाटले. मित्र म्हणतो, पोती असती तरी बांधाने तो पाऊस पेलला असता. जे घडले नाही ते सिद्ध कसे करावे? उन्हाळ्यात विहिरी आटल्या, हे मात्र सर्वांना दिसले. पहिली त्याचीच आटली. त्याची सून आमच्या विहिरीवर येते, पाणी नेते, माझ्या सुनेशी बोलते. तो स्वतः इकडे येत नाही.

या उन्हाळ्यात मी बांधाचा मध्य भरून घेतला. लगेच वस्तीचा निरोप आला: आता बांध उंच झाला, तेव्हा यंदा पाणी टेकले की पोती घेऊन येतो. भरलेली उंची पावसासाठी आहे, साठवणीसाठी नाही, हे किती वेळा सांगायचे? मी उलट कळवले की खुशाल या, मी सांडव्यात खुर्ची टाकून बसलेला असेन. उभे राहणे आता गुडघ्यांना जमत नाही.

त्यावर मित्राने आपल्या सुनेकडून सांगून पाठवले, "छत्री घिऊन बस म्हणावं. भिजून मेलास तर आमच्यावर यायचं."

कित्येक महिन्यांत त्याने मला थेट उद्देशून पाठवलेले हे पहिले शब्द. माळ्यावरची छत्री मी काढायला लावली. तिची एक काडी मोडली आहे, ती दुरुस्तीला दिली. पोती मात्र मी ठेवू देणार नाही.